हुरड्यापासून पुरणपोळीपर्यंत: एका पंगतीत आठ वाईन

निकाल आधी सांगते. आठ बाटल्या उघडल्या, त्यांत आपल्या जेवणाशी सगळ्यांत छान जुळली ती नाशिकच्या सुला वाईनरीची शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन. सुक्या मटणाबरोबर सुलाच्याच दिंडोरी रिझर्व्ह शिराझ या लाल वाईनला तोड नव्हती. हुरडा आणि शँडन ब्रूट ही फसफसणारी वाईन, ही जोडी मी आता दर जानेवारीत जमवणार. आणि सगळ्यांत महाग बाटली, विमानतळावरच्या दुकानातून आलेली परदेशी लाल कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, जेवण सुरू झाल्यावर कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही. ती वाईट नव्हती. जेवणाआधी नुसती चाखली तेव्हा सुंदरच लागली होती. पण आमची परीक्षा ताटाशेजारची होती. नाशिकच्या आणि अकलूजच्या वाईनला गुण द्यायचे तर ते भाकरी, रस्सा, वांगी समोर ठेवूनच द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

मी नाशिकला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कॉलेजपासूनचा आमचा गट थंडीत हुरड्याला एकत्र जमतो. यंदा जमणं माझ्या गच्चीवर होतं आणि अट अशी घातली की प्रत्येक घराने एक पदार्थ आणि एक बाटली आणायची, बाटली शक्यतो महाराष्ट्रातल्या द्राक्षांची. माणसं दहा. त्यांत एक मैत्रीण अजिबात पीत नाही, पण प्रत्येक ग्लास हुंगून वास ओळखण्यात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे निघाली. आणि दुसऱ्या एका मैत्रिणीचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण वाईन एका जागी बसून अशी ओळीने कधी चाखली नव्हती. त्या रात्रीचे सगळ्यांत चांगले शेरे त्यांचेच.

एवढ्या बाटल्या म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून हिशेब सांगते. बाटली ७५० मिलीची. हॉटेलात १५० मिलीचा ग्लास भरतात, म्हणजे एका बाटलीत पाच जणांचं भागतं. आम्ही प्रत्येकाला फार तर ४५ मिली दिली, स्टीलच्या मापाने मोजून. आठही वाईन मिळून पहिल्या फेरीत माणशी फार तर ३६० मिली झाली, म्हणजे अर्ध्या बाटलीपेक्षा थोडी कमी, तीही पाच तासांत आणि भरपेट जेवणाबरोबर. शिवाय आजीच्या वेळचं पितळी तस्त कोपऱ्यात ठेवलं होतं. चव घेऊन थुंकायचं असेल त्याने खुशाल थुंकावं. वाईनरीत हे रोजचं काम आहे, त्यात अपमान कोणाचा नाही. गाडी चालवणाऱ्या दोघांनी तेच केलं. बहुतेक बाटल्यांत निम्म्याच्या आसपास वाईन उरत होती, त्यामुळे जी आवडली तिच्याकडे परत जाता येत होतं. मला वाटतं वाटून चाखण्याचा खरा फायदा हा. दोन माणसांनी एक बाटली उघडली की ती आवडो न आवडो, संपवावी लागते, आणि तुलना करायला दुसरी समोर नसते. दहा माणसं असली की शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ग्लासांतला फरक नवख्यालाही कळतो.

तयारीतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. गच्चीवर डास होते, म्हणून कोणीतरी कॉइल लावली. ती मी लगेच विझवायला लावली, कारण तिच्या धुरात पांढऱ्या वाईनचा वास जागच्या जागी मरतो. अगरबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा यांचंही तेच. दुसरं तापमान. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी असं लिहिलेलं असतं, ते घर युरोपातलं असतं. लाल वाईनला १६ ते १८ अंश पुरेत, पांढरीला ८ ते १०, फसफसणारीला ६ ते ८. मे महिन्यात आपल्याकडे लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते. जानेवारीत उलट झालं. रात्री गच्चीवर इतका गारठा होता की लाल बाटल्या घरात ठेवाव्या लागल्या, नाहीतर त्यांचा तुरटपणा फार पुढे येतो.

सुरुवात शँडन ब्रूटने केली. ही फ्रेंच मोएत हेनेसीची इथली वाईनरी, दिंडोरीत, २०१३ मध्ये पहिली बाटली बाजारात आली. बुडबुडे सोड्यासारखे वरून भरलेले नसतात. तयार वाईन बाटलीत भरून तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात, झाकण लावतात, आणि दुसरं किण्वन त्या बंद बाटलीतच होतं. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड जाणार कुठे? तो वाईनमध्येच विरघळतो. मेलेलं यीस्ट बरेच महिने तिथेच राहतं आणि त्याच्यामुळे ताज्या पावासारखा वास येतो. मग बाटली उलटी करून गाळ मानेत आणायचा, मान गोठवायची आणि तो गोळा दाबाने बाहेर उडवायचा. बारावीच्या मुलांना विद्राव्यता शिकवताना मी हेच उदाहरण देते, फक्त पेयाचं नाव घेत नाही.

महाराष्ट्रात हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाईन बनवली होती आणि ती परदेशात विकली गेली. अण्णांना ते नाव नीट आठवत होतं. त्या काळी त्यांच्या ओळखीतले शेतकरी मुद्दाम ती बाग बघायला गेले होते, असं त्यांनी सांगितलं.

आता जोडी. सोलापूरच्या मैत्रिणीने त्याच दिवशी तोडलेली गूळभेंडीची कणसं आणली होती. शेणीच्या निखाऱ्यावर भाजली, हातावर चोळली, सोबत शेंगाचटणी, लसणाची चटणी आणि बारीक शेव. हुरडा मऊ, किंचित गोड, आणि त्याला धुराचा वास. ब्रूट म्हणजे जवळपास कोरडी, गोडी नसलेली, त्यामुळे हुरड्याची गोडी स्वच्छ कळते, वाईनचा आंबटपणा चटणीचं तेल धुऊन नेतो, आणि भाजल्याच्या वासाला यीस्टचा वास साथ देतो. गच्चीवर एकदम शांतता पसरली, सगळे फक्त चोळत आणि चावत होते. अण्णांनी ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "पोरी, ह्यात शेनिन असणार." होतीच. शँडनच्या ब्रूटमध्ये शार्दोने आणि पिनो न्वार या द्राक्षांसोबत शेनिन ब्लांकही असते. चाखून ओळखलं का विचारलं, तर म्हणाले, "आमच्या शिवारातून कुठली द्राक्षं कुठं जातात ते ठाऊक नसंल काय?"

दुसरी सुलाची सॉव्हिन्यॉन ब्लांक. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले. आधी इतर पिकं करून पाहिली, मग वाईनची द्राक्षं लावली. आईच्या सुलभा या नावावरून वाईनरीला सुला नाव दिलं आणि केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्या वाईनतज्ज्ञाला सोबत घेतलं. २००० साली त्यांची पहिली वाईन आली, तेव्हा सॉव्हिन्यॉन ब्लांक आणि शेनिन ब्लांक याच दोन होत्या. म्हणून त्या दोन्ही आम्ही मुद्दाम मागवल्या होत्या.

सॉव्हिन्यॉनला हुंगलं की पहिल्यांदा ढोबळी मिरची येते. न पिणाऱ्या मैत्रिणीने ती एका सेकंदात ओळखली आणि तिचं चुकलेलं नव्हतं. पायराझिन नावाची संयुगं ढोबळ्या मिरचीत असतात आणि या द्राक्षातही असतात. नाक त्यांच्या बाबतीत कमालीचं तिखट असतं, एक लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असली तरी पुरतात. मागून पेरू आणि कापलेलं गवत. तिच्याबरोबर कोथिंबीर वडी ठेवली होती. हिरव्याला हिरवं, आणि वडीच्या तळलेल्या कडेला आंबट घोट. उत्तम. अळूवडीबरोबर मात्र गडबड झाली. अळूवडीतला गूळ जिभेवर असताना ही कोरडी वाईन नुसती आंबट लागते. हा नियम पुढे पुरणपोळीलाही लागू झाला: पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन हरते.

इथेच एक बाटली बाद करावी लागली. मित्राने शहरातल्या एका दुकानातून पांढरी वाईन घेतली होती. कोणाची ते सांगत नाही, कारण दोष बनवणाऱ्याचा नव्हता. दुकानदाराने ती रस्त्याकडच्या काचेत, दुपारच्या उन्हात उभी ठेवलेली. रंग पिवळट तपकिरी, वास उकडलेल्या सफरचंदाचा, आंबटपणा बसलेला. अशी बाटली परत द्यावी आणि पैसे मागावेत, मित्राने दुसऱ्या दिवशी मागितलेही. दुकानदाराने "वाईन जुनी तेवढी चांगली" असं ऐकवलं. हे वाक्य आपल्याकडे फार नुकसान करतं. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाईन तरुणपणी प्यायच्या असतात, दोन वर्षांच्या आत. उभ्या उन्हात तर दोन महिनेही टिकत नाहीत. घेताना मागच्या लेबलवरची तारीख बघा आणि दुकानात एसी आहे का ते बघा. जमत असेल तर वाईनरीतूनच घ्या.

रेव्हिलो या वाईनरीची ग्रीलो, पांढरी, ही तिसरी. ग्रीलो हे सिसिलीचं द्राक्ष, आणि ते लावलंय कुठे, तर निफाडजवळ कुंदेवाडीला. थंडीत बातम्यांमध्ये निफाडचा पारा घसरल्याचं ऐकतो, तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो. भूमध्य समुद्रातल्या बेटावरचं द्राक्ष आणि निफाडची थंडी! अण्णा यावर बराच वेळ बोलले. द्राक्षाला दिवसा ऊन हवं, रात्री गारवा हवा, म्हणजे साखर भरते पण आंबटपणा उडून जात नाही. युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे आम्ही गच्चीवर बसलो होतो तेव्हा पंचक्रोशीत तोडणी चालू होती.

वाईन छान होती. लिंबाची साल, जरा बदाम, शेवटी किंचित खारट चव. तिच्यासाठी रवा लावून तळलेली सुरमई होती आणि दोघींचं जमलं. पण खरं सांगायचं तर सुरमईवरच्या मसाल्यात लाल तिखट कमी असतं तर अजून जमलं असतं. पापलेट, मीठ-हळद-लिंबू लावून नुसतं परतलेलं, ही तिची खरी जागा आहे. ज्यांना सॉव्हिन्यॉनची ढोबळी मिरची नकोशी वाटते त्यांनी ही जरूर घ्यावी.

आता शेनिन ब्लांक, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. शेनिन मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, दक्षिण आफ्रिकेत तिची सगळ्यांत जास्त लागवड आहे, आणि नाशिकच्या मातीतही ती छान रुळली. सुलाच्या शेनिनमध्ये थोडी साखर राखलेली असते. पूर्ण कोरडी नाही, गोडही नाही. पक्के वाईनवाले या गोडीमुळे तिला खालच्या पायरीवर बसवतात, "नवशिक्यांची वाईन" म्हणतात. आमच्या पंगतीत मात्र तीच बाटली सगळ्यांत आधी रिकामी झाली, आणि का ते आम्ही नीट बघितलं.

आपल्या जेवणात एका ताटात तिखट, गूळ, चिंच, तेल सगळं असतं. तिखटाने जीभ जळत असताना कोरडी, तुरट, जास्त अल्कोहोलची वाईन प्यायली तर जळजळ वाढते. अल्कोहोल स्वतःच तोंडातल्या उष्णता जाणणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं, मिरचीतलं कॅप्सेसिनही तिथेच काम करतं. थोडी साखर आणि भरपूर आंबटपणा असेल तर आग शमते आणि तोंड पुढच्या घासाला तयार होतं. ही शेनिन आम्ही अळूवडीबरोबर परत लावून बघितली, जमली. मटणाच्या पातळ, झणझणीत रश्श्याबरोबर लावली, जमली. आणि मग माझ्या मनातला त्या रात्रीचा सर्वोच्च क्षण: कटाची आमटी. पुरणाचा कट, गोडा मसाला, चिंच, गूळ, वर खोबऱ्याचा तवंग. वाटीतून एक भुरका आणि वर शेनिनचा गार घोट. आमटीतला गूळ वाईनच्या गोडीला भेटतो, चिंच तिच्या आंबटपणाला, आणि लवंग-दालचिनीचा वास दोघांच्या वर तरंगत राहतो. मी ज्या वाईन प्यायले आहे त्यांत एखाद्या पदार्थाशी इतकी पूर्ण जुळलेली दुसरी नाही. होळीला पुरण घालणाऱ्या प्रत्येक घराने एकदा तरी हे करून बघावं.

लाल वाईनकडे वळायच्या आधी अण्णांनी खिशातून थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षाचा एक घड काढला आणि शेजारी शिराझची काही मणी ठेवली, शेजारच्या बागेतून मागून आणलेली. सगळ्यांना चाखायला दिली. थॉम्पसन मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा, कुरकुरीत. शिराझचा मणी लहान, काळा, जाड सालीचा, आत दोन-तीन बिया, आणि गोडी कितीतरी जास्त. ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप. खाण्याच्या द्राक्षाची तोडणी साधारण १६ ते १८ ब्रिक्सला होते, वाईनचं द्राक्ष २२ ते २४ ला. तेवढी साखर यीस्टला मिळाली की लाल वाईनमध्ये साधारण १३ ते १४ टक्के अल्कोहोल तयार होतं. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून लहान मणी आणि जाड साल हवी. "आम्ही मणी फुगवायला जिवाचं रान करतो," अण्णा म्हणाले, "आन ह्ये बारीकच ठेवत्यात." बारीक मणी म्हणजे एकरी माल कमी. म्हणून भाव ठरवून करार असेल तरच शेतकऱ्याला परवडतं. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं तेव्हा बऱ्याच जणांनी वाईनची द्राक्षं लावली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी कोसळली आणि अनेकांनी ते वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. अण्णांनी तेव्हा लावली नव्हती, पण त्यांच्या भावकीतल्यांनी लावली आणि काढली. हे सांगताना त्यांनी ग्लास खाली ठेवला होता. वाईनची चर्चा करताना तिच्यामागचा शेतकरी आपण फार पटकन विसरतो, आणि मला ते खटकतं.

पाचवी फ्रातेल्लीची सांजोव्हेज, अकलूजची. सोलापूरच्या मैत्रिणीने हुरड्याबरोबर ही मोठ्या अभिमानाने आणली होती. तीन घरांतले भाऊ एकत्र आले: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. माळशिरस तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात त्यांनी बागा उभ्या केल्या, आणि वाईन घडवली इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या पिएरो मासी यांनी. सांजोव्हेज त्यांच्याच प्रांतातलं द्राक्ष. रंगाला फार गडद नाही, आंबटपणा चांगला, वासाला आंबटसर लाल फळं आणि सुकलेली पानं. इटलीत ती टोमॅटोच्या पदार्थांबरोबर पितात. आम्ही भरल्या वांग्यांबरोबर प्यायलो. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, चिंच-गूळ, गोडा मसाला. कुटातलं तेल आणि प्रथिनं वाईनचा तुरटपणा मऊ करतात, चिंचेपुढे वाईन फिकी पडत नाही कारण तिच्यातही आंबटपणा आहे. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींची ही पहिली पसंती. लाल वाईन म्हणजे मटणच हवं असं मानणाऱ्यांना ही बाटली आणि ज्वारीची भाकरी समोर ठेवून बसवलं पाहिजे.

मग दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, ओकच्या पिंपात मुरलेली. काळी मिरी, जांभूळ, थोडा धूर, थोडं व्हॅनिला. मिरीचा वास हा कल्पनाविलास नाही. रोटुंडोन नावाचं एकच संयुग मिरीच्या दाण्यातही असतं आणि शिराझच्या सालीतही. मिरीच्या वासामागे तेच आहे हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधलं. मी डब्यातली मिरी खलबत्त्यात कुटून वाटीत ठेवली होती, आधी वाटी हुंगायची आणि मग ग्लास. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मटण दोन प्रकारचं होतं. एक काळ्या मसाल्यातलं सुकं, मिरी-लवंग-दगडफूल भाजून केलेलं, चरबी सुटलेलं. दुसरा तोच मसाला वापरून केलेला पातळ रस्सा, लाल तिखटाचा कट आलेला. सुक्याबरोबर शिराझ अशी खुलली की तीन-चार जणांनी दुसरं ४५ मिली लगेच मागितलं. चरबी तुरटपणाला गुंडाळून टाकते, मसाल्यातली मिरी वाईनमधल्या मिरीला वर काढते. रश्श्याबरोबर मात्र हीच वाईन भडक आणि कडवट झाली. स्वयंपाकघर तेच, मसाला तोच, पण एकीकडे चरबी आणि दुसरीकडे तिखट पाणी, एवढ्याने निकाल उलटला. मटण असलं की कुठलीही लाल चालते असं नाही. रस्सा भुरकणार असाल तर शिराझ बाजूला ठेवा आणि शेनिनकडे परत या.

परदेशी कॅबर्ने याच टप्प्यावर हरली. मित्राची निवड चांगली होती, त्याने ती हौसेने आणि बरेच पैसे घालून आणली होती. जेवणाआधी चाखली तेव्हा काळी फळं, देवदार, लांब टिकणारी चव, सगळं होतं. पण तुरटपणा भरभक्कम आणि ओक जास्त. काळ्या मसाल्यासमोर तिची फळं गायब झाली आणि जिभेवर लाकूड उरलं. मीठ-मिरी लावून भाजलेल्या मांसाच्या मोठ्या तुकड्यासाठी ती घडवलेली आहे, आणि तिथे ती जिंकेल. आमच्या ताटात तसला पदार्थच नव्हता. शेवटी मित्राने ती चुलीवर भाजलेल्या नुसत्या मटणाच्या तुकड्यांबरोबर, मसाला न लावता, पुन्हा चाखली आणि त्याच्या बाटलीला तिथे न्याय मिळाला.

शेवट सुलाच्या लेट हार्व्हेस्ट शेनिन ब्लांकने. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवली की पाणी उडतं, साखर घट्ट होते, आणि यीस्ट सगळी साखर संपवू शकत नाही. बाटली छोटी असते आणि ती पुरते, कारण घोट लहानच घ्यायचा. मध, जर्दाळू, पिकलेला आंबा, आणि खाली शेनिनचा आंबटपणा जागा असल्यामुळे ती चिकट वाटत नाही. पुरणपोळी गरम, वर साजूक तूप. गोडाला गोड जुळेल का, अशी शंका दोघांना होती. जुळलं, कारण वाईन पुरणापेक्षा किंचित जास्त गोड आहे. तूप आणि वेलदोड्याच्या वासावर जर्दाळूचा वास येतो तेव्हा बोलणं थांबतं. संक्रांतीची उरलेली गुळाची पोळीही कोणीतरी आणली होती. तिच्यातले भाजलेले तीळ आणि ही वाईन यांचं तर पुरणपोळीपेक्षाही कणभर जास्त जमलं, असं माझं मत. अण्णांनी मात्र पुरणपोळीवर दूध घेतलं आणि वाईन वेगळी, नुसती प्यायली. "ही माझ्या बागंतल्या शेवटच्या घडांसारखी लागती," म्हणाले, "जे आम्ही इकत नाही, घरी खातो."

कोणी असा बेत करणार असेल तर माझा सल्ला: पहिल्यांदा आठ घेऊ नका. चार घ्या. एक फसफसणारी, सुलाची शेनिन, अकलूजची सांजोव्हेज आणि दिंडोरी शिराझ. ग्लास माणशी दोन पुरतात, मध्ये पाण्याने धुवायची गरज नाही, पुढच्या वाईनचा थेंबभर घोळवून टाकला की झालं. आधी फसफसणारी, मग पांढऱ्या, मग लाल, शेवटी गोड. पण जेवताना मागे फिरायला कुणाला मनाई करू नका, कारण आम्हाला जे कळलं ते मागे फिरल्यामुळेच कळलं. आणि स्वयंपाकात तिखट थोडं आवरतं घ्या, निदान एका पदार्थात. चेव आल्यासारखं तिखट असेल तर कुठलीच वाईन तग धरत नाही.

उरलेल्या बाटल्यांचंही सांगते, कारण कोणी लिहीत नाही. शँडनला खास बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी बुडबुडे निम्मे होते, पण पोह्यांबरोबर छान लागली. सॉव्हिन्यॉन दुसऱ्या दिवशी सपाट झाली. ग्रीलो तशीच राहिली. सांजोव्हेज दुसऱ्या दिवशी अधिक मऊ आणि चांगली, तिसऱ्या दिवशी संपली म्हणून पुढचं कळलं नाही. कॅबर्ने चौथ्या दिवशीही उत्तम होती आणि तुरटपणा बराच उतरला होता. शिराझ आणि शेनिन उरलीच नव्हती. लेट हार्व्हेस्ट अजून फ्रिजच्या दारात आहे, रोज रात्री एक चमचा गुळाच्या पोळीच्या तुकड्यावर घालून खाते.